आयर्लंडमधील दाराशी येणारे सण

आयर्लंडच्या खेड्यांतील जुन्या सणावारांची वर्णने वाचताना माझे लक्ष राहून राहून घराच्या उंबरठ्याकडे जाते, कारण तिथल्या कॅथलिक कुटुंबांच्या कितीतरी रूढी चर्चमध्ये नव्हे, तर दाराशीच पाळल्या जात. ३१ जानेवारीच्या रात्री, म्हणजे संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री, घरातील एखादी मुलगी लव्हाळ्याची पेंढी घेऊन दाराबाहेर उभी राही आणि आतल्यांना गुडघे टेकून ब्रिजिडला आत घेण्यास सांगे. आतली मंडळी तिचे मोठ्याने स्वागत करीत. मग त्याच लव्हाळ्याचे क्रूस विणून दारावर किंवा छपराच्या आतल्या बाजूला खोचले जात.

१ मे रोजी मात्र याच दाराचा स्वभाव पार बदले. उंबरठ्यावर पिवळी रानफुले पसरली जात, ती अदृश्य शक्तींनी आत येऊ नये म्हणून. आणि त्या दिवशी घरातला विस्तव किंवा दूध कोणालाही दिले जात नसे, कारण त्याबरोबर घराची बरकत निघून जाते आणि वर्षभर कितीही घुसळले तरी लोणी येत नाही, अशी धास्ती असे. ज्या घराचा वर्षाचा खर्च लोण्याच्या विक्रीवर भागे, त्याला ही धास्ती किती खरी वाटत असेल, हे लक्षात घेतले की मला तिचे हसू येत नाही. ज्या बिचाऱ्या शेजारणीची चूल नेमकी त्याच सकाळी विझली, तिचे काय होत असेल, हा प्रश्न मात्र उरतोच.

संत मार्टिनच्या सणाला, ११ नोव्हेंबरच्या आदल्या दिवशी, कोंबडा कापून त्याचे रक्त उंबरठ्यावर आणि घराच्या कोपऱ्यांत शिंपडत. हे सारे आज इतक्या तपशिलाने कळते, याचे बरेचसे श्रेय १९३७ ते १९३९ या काळात घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वह्या भरणाऱ्या शाळकरी मुलांना आहे. ब्रिजिडच्या सणाला तर २०२३ पासून सार्वजनिक सुट्टीही मिळू लागली.

मला सर्वांत आवडते ती २६ डिसेंबरची गंमत, जी डिंगल गावात आजही मोठ्या हौसेने चालते. पेंढ्याचे वेष आणि मुखवटे घातलेली टोळकी वाजतगाजत फिरतात. पूर्वी ती रेन नावाचा इवलासा पक्षी मारून काठीला बांधत आणि त्याच्या अंत्यविधीच्या नावाखाली घरोघर पैसे मागत. जो हात आखडता घेई, त्याच्या दारासमोरच तो पक्षी पुरण्याची धमकी मिळे, आणि वर्षभराचे दुर्दैव ओढवून घेण्यापेक्षा एखादे नाणे दिलेले बरे, हा हिशेब चिक्कू घरमालकालाही चटकन जमत असावा.