काकडाची ओळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला रविवार होता. अलिबागला पहाटेपासून पाऊस लागून राहिला होता, वीज दोनदा जाऊन आली होती. साडेदहाच्या सुमाराला वहिनींचा फोन आला. रविवारी त्या कधी फोन करत नाहीत.

"अरे, आपला शेवळांचा लेख वाचून डोंबिवलीच्या एका मुलीने भाजी केली. तिच्या वडिलांचा घसा धरलाय, ओठ चुरचुरतायत. मी तिला म्हटलं, आधी डॉक्टरांकडे न्या. पण मी काकडाचं लिहिलं होतं ना रे?"

लिहिलं होतं. मला पक्कं आठवत होतं, कारण ती ओळ मीच उचलून दुसरीकडे ठेवली होती.

मी अकरा वर्षं साइट बनवण्याचं काम करतो. बरीचशी कामं घरगुती राहण्याजेवणाच्या सोयीची असतात: नारळाची झाडं, समुद्र, खोल्यांचे दर, नकाशा. वहिनींचं काम वेगळं. चौलला त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि त्या पावसाळ्यातल्या रानभाज्यांवर लिहितात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. भाजी कुठे उगवते, कोण विकायला आणतं, निवडायची कशी, आजेसासूबाई काय म्हणायच्या, सगळं त्या वहीत हाताने लिहितात आणि पानांचे फोटो मला पाठवतात. मी टाइप करून चढवतो. इतकं नेमकं लिहिणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

ज्यांनी शेवळं खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. पहिला पाऊस पडला की पानं फुटायच्या आधी तो जमिनीतून वर येतो. कातकरी, ठाकर बाया जुड्या बांधून बाजारात घेऊन बसतात. त्यांच्याच पाटीत शेजारी काकडं असतात, लहान आवळ्यासारखी हिरवी, आंबट फळं. ही जोडी आहे. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजी काकडाच्या रसात शिजवायची, काकडं नसतील तर चिंच तरी हवीच. वहिनींच्या वहीत लेखाचा दुसरा परिच्छेदच असा होता: "आधी काकडं घ्या, मग शेवळं. काकडं मिळाली नाहीत तर शेवळं घेऊ नका."

मला ते वाक्य तिथे खटकलं. पहिल्या परिच्छेदात पावसाचं, मातीच्या वासाचं सुंदर वर्णन होतं, शेवटी शेवळांचा फोटो, आणि मग एकदम हा हुकूम. ओघ तुटतो असं वाटलं. म्हणून मी ते वाक्य आणि पिवळ्या भागाची सूचना अशी दोन्ही उचलून उजवीकडच्या पट्टीत नेली. तिथे पानांची बारीक नक्षी असलेली चौकट केली, वर "टीप" लिहिलं आणि अक्षर जरा लहान, करड्या रंगात ठेवलं. माझ्या टेबलावरच्या चोवीस इंची पडद्यावर ते फार देखणं दिसत होतं. मी त्याचा फोटो काढून दोघातिघांना पाठवलाही होता.

फोन ठेवला, रेनकोट चढवला आणि रेवदंड्याच्या रस्त्याला लागलो.

पडवीत वहिनींचे सासरे अण्णा झोपाळ्यावर बसले होते. अण्णांनी गिरगावातल्या छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवले. शिसं हाताळून काळी पडलेली बोटं अजूनही तशीच आहेत असं ते सांगतात. मला दिसत नाही, त्यांना दिसतं. त्यांच्या हातात वहिनींचा फोन होता.

"ये, बस. मी मोजतोय," म्हणाले.

भाजीची कृती संपली तिथून ते अंगठ्याने पान वर सरकवत होते आणि प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हणत होते. कृतीखाली लेख पुढे पाठवायची बटणं. मग "हेही वाचा" म्हणून तीन लेखांचे भलेमोठे फोटो. मग वाचकांचे अभिप्राय, बहुतेक "छान माहिती" एवढेच, पुष्कळदा न वाचता दिलेले. मग नाव-पत्ता लिहायचा रकाना. आणि त्याखाली, सगळ्याच्या तळाशी, माझी नक्षीदार चौकट. तेवीस.

"तेविसाव्याला काकडं आली," अण्णा म्हणाले. "तोवर भाजी ताटात."

पडदा अरुंद झाला की शेजारची पट्टी मुख्य मजकुराच्या खाली घसरते. हे या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. फोनवर पान "मोडत नाही ना" एवढं मी तपासलंही होतं. नव्हतं मोडत. पण मी कधी फोन हातात घेऊन, भूक लागलेली आहे, समोर जुडी पडली आहे अशा माणसासारखं ते पान वाचलं नव्हतं. आमच्यातले बहुतेक जण वाचत नाहीत. आम्ही पान बघतो. रंग बघतो, कडा बघतो, आणि मजकुराच्या जागी काहीही भरलेलं असलं तरी खूश होतो. तयार साचे विकणारे तर मजकूर कुठल्या भाषेत येणार याचाही विचार करत नाहीत.

अण्णांना मी दोन स्तंभांची अडचण समजावून सांगितली. ते म्हणाले, "बाळशास्त्रींनी दोन रकाने केलेच होते की." बाळशास्त्री जांभेकर याच किनाऱ्यावरचे, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, त्यात एका रकान्यात मराठी आणि शेजारच्यात इंग्रजी मजकूर असे. "पण कागद आखूड होत नाही," अण्णा म्हणाले, "शेजारचा रकाना शेजारीच राहतो. तुझा कागद वाचणाऱ्याच्या हातात गेला की बदलतो, तर मग शेजारी काही ठेवायचंच कशाला?" हे मी त्याआधी कुठल्याही व्हिडिओत इतक्या सोप्या शब्दांत ऐकलं नव्हतं.

मग ते एकेक करून सांगत गेले आणि मी बॅटरीवर लॅपटॉप उघडून दुरुस्त करत गेलो. वीज नव्हतीच.

आधी चौकट काढली. वहिनींची ओळ तिच्या मूळ जागी, दुसऱ्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत. करडा रंग गेला. रंगाच्या संकेतात तो मी हॅश आणि तीनदा नऊ असा दिला होता. पांढऱ्यावर त्याचं उठावाचं प्रमाण २.८५ भरतं, आणि साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं असा वेब-सुलभतेचा जगभर मानला जाणारा निकष आहे. मला तो पाठ आहे. गिऱ्हाइकांना मी तो ऐकवतो.

मग अण्णा म्हणाले, "ओळींत लेड घातलेली नाहीस." छापखान्यात दोन ओळींच्या मध्ये शिशाची पातळ पट्टी घालत, ती लेड. आपल्या लिपीत अक्षराच्या वर रफार, वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं. रोमन अक्षरांसाठी ठरवलेलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. मी अंतर अक्षराच्या दीडपटीवरून पावणेदोन पटीवर नेलं, अक्षर सोळाचं अठरा केलं. दोन्ही बाजूंनी ओळी सारख्या केल्या होत्या, त्याही सोडून फक्त डावीकडे लावल्या, कारण अरुंद पडद्यावर मराठीतले लांब शब्द ओळीत मावत नाहीत आणि मध्ये भगदाडं पडतात. शीर्षकाला मी ऐटीसाठी अक्षरांत थोडी जागा सोडली होती. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "शिरोरेघ तुटलीये बघ. बाराखडी शिकवतोयस का?" रोमन मोठ्या अक्षरांना ती जागा शोभते. देवनागरीत शब्द रेघेने बांधलेला असतो, जागा सोडली की शब्दच सुटतो.

आणि मग श. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो गेल्याचं मला जराही वाईट वाटत नाही. अण्णा शीर्षकातल्या "शेवळं"वर बोट ठेवून म्हणाले, "हा श आपला नाही." खाली "ओलं खोबरं"मधला ल दाखवला, तोही दंडाचा, हिंदीतला. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ठरवून दिले आहेत, शाळेत आपण तेच गिरवतो. मी फाँट तर नीट निवडला होता, त्यात दोन्ही रूपं होती. मग हिंदीचं रूप का येतंय? पाव तास शोधल्यावर सापडलं. पानाच्या अगदी वर, वाचकाला कधीच न दिसणाऱ्या ओळीत, पान कुठल्या भाषेत आहे याची खूण असते. आधीच्या एका कामाचा साचा मी उचलला होता आणि त्यात हिंदीची खूण तशीच राहून गेली होती. दोन अक्षरं बदलली, एचआयच्या जागी एमआर. पान पुन्हा उघडलं आणि सगळे ल, सगळे श एका क्षणात मराठी झाले. अण्णांनी काही न बोलता फोन वहिनींना दाखवला. वहिनींनी डोकं हलवलं. तेव्हा त्यांचं लक्ष डोंबिवलीच्या फोनकडे लागलेलं होतं.

संध्याकाळी फोन आला. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, वडिलांना उतार होता. ती मुलगी रागावली नव्हती. तिने विचारलं ते मला अजून ऐकू येतं, "काकी, तुम्ही ते आधी का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाल्या, "सांगितलं होतं ग, पण तुला दिसेल असं नाही." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी समोरच बसलो होतो.

पुढचे दोन आठवडे मी त्या साइटचं प्रत्येक पान फोनवर वाचलं. आमच्या इमारतीच्या जिन्यात, बाजारात भाजीवालीच्या शेजारी उभं राहून, मांडव्याच्या धक्क्यावर भर उन्हात. वहिनींचा मुलगा फोटो पाठवतो ते पाच-पाच एमबीचे, चार हजार पिक्सेल रुंदीचे. मी ते तसेच टाकत होतो. वाडीत जेमतेम दोन काड्या नेटवर्क, पावसात तेही नाही, मग मजकूर आधी येतो आणि फोटो मागून उतरताना वाचत असलेली ओळ धाडकन खाली ढकलतो. आता बाराशे पिक्सेल, वेबपी स्वरूपात, दीडशे केबीच्या आत, आणि फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवलेली, म्हणजे जागा राखली जाते आणि ओळ हलत नाही.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक काय टाइप करून पानावर पोचतात ते दिसतं. ते मी तोपर्यंत फक्त आकडा वाढला का म्हणून उघडत होतो. या वेळी शब्द वाचले. रोमन अक्षरांत "शेवळा भाजी" होतं, "शेवळं कशी साफ करायची" होतं, आणि बऱ्याच जणांचं "शेवळं घसा खाज". म्हणजे माणसं भाजी खाऊन झाल्यावर येत होती. आमच्या लेखाचं शीर्षक तेव्हा "मृगाचं देणं" असं होतं. सुंदर आहे, पण घसा धरलेला माणूस ते शोधत नाही आणि जुडी विकत घेणाराही नाही. आता शीर्षक आहे, "शेवळांची भाजी: काकडं आधी घ्या". "मृगाचं देणं" खाली उपशीर्षकात ठेवलं, वहिनींचा शब्द आहे तो, टाकवत नाही.

पानाचा पत्ताही बदलला. देवनागरीत ठेवला होता, अभिमानाने. पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की त्याची टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते, एका अक्षरखुणेला नऊ चिन्हं, म्हणजे नुसत्या "शेवळं" शब्दाचीच पंचेचाळीस. आमच्याकडच्या मावश्यांना असली लिंक फसवणुकीची वाटते आणि त्या उघडत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. आता पत्ता रोमन, छोटा. आणि लिंक पाठवल्यावर फोटोखाली जी दोन ओळींची ओळख दिसते तिथे मी पहिलं वाक्य काकडांचं टाकलं. पान न उघडता नुसतं पुढे ढकलणाऱ्यांची संख्या खूप मोठी आहे. निदान ती ओळ तरी ते पुढे ढकलतील.

वाचक वाढले. त्या पावसात आणि त्यापुढच्या पावसातही. पण त्यातलं किती माझ्या दुरुस्त्यांमुळे आणि किती नुसत्या पहिल्या पावसामुळे हे मला नीट वेगळं काढता येत नाही. जे ओळखीचे विचारतात, "वाचक कसे आणायचे", त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे, सरकणारे फोटो काढा, मध्येच उघडणारी खिडकी काढा, हंगामाच्या तीन आठवडे आधी लेख चढवा, जुन्या लेखांना एकमेकांशी जोडा. सांगतोही. पण बोलताना मनात सारखा तेवीसचा आकडा येतो. मी ती ओळ ओघासाठी हलवली होती. ओघ माझा होता. वहिनींनी ते वाक्य तिथे का ठेवलं हे मी त्यांना विचारायला हवं होतं. पुढे एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अरे, बाजारात आपण आधी काकडं आहेत का ते बघतो, मगच जुडीला हात लावतो. तसंच लिहिलं."

गेल्या आठवड्यात नव्या लेखाची पानं आली. रानातल्या एका अळूवर आहे, तोही खाजरा. तिसऱ्या ओळीत चिंचेचं लिहिलंय, त्याखाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्यात आणि समासात, माझ्यासाठी: "हे वाक्य हलवू नकोस."