तुम्ही विचारलंत म्हणून : दगडफूल कुठल्या झाडाचं?

काळ्या मसाल्याचं सामान भरायचे दिवस आले की सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो : दगडफूल कुठल्या झाडाला लागतं, आणि आपल्याकडे का उगवत नाही?

ते फूल नाही आणि झाडही नाही. बुरशी आणि हिरवं शैवाल यांचा तो एकत्र संसार, त्याला शैवाक म्हणतात. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. एक तुकडा ताटलीत घेऊन पाणी शिंपडा. कडक, राखाडी तुकडा काही मिनिटांत मऊ पडून हिरवट होतो, कारण वरची साल भिजली की तिच्याखालचं शैवाल दिसायला लागतं. जुन्या मालात हा हिरवेपणा कमी. उलटी बाजू काळी, कडेला तपकिरी. काठावर पिठासारखी भुकटी असते ती भिंगातून जरूर बघा : तिच्या एकेका कणात बुरशीचे धागे आणि शैवालाच्या पेशी दोन्ही असतात. असा कण दुसऱ्या झाडाच्या सालीवर रुजला की तिथे नवं दगडफूल.

वर्गीकरण मात्र बुरशीच्या नावाने होतं. पार्मोट्रेमा पर्लाटम, कुळ पार्मेलिएसी. विल्यम हडसनने १७६२ मध्ये त्याचं वर्णन केलं, मॉरिस शॉझीने १९५२ मध्ये त्याला आजच्या प्रजातीत आणलं.

नाव दगडाचं असलं तरी ते झाडांच्या सालीवरही भरपूर वाढतं. झाडाचा रस ते शोषत नाही, खालचे धागे फक्त धरून ठेवायला. त्याला हवी धुक्याची, स्वच्छ हवा : सह्याद्रीचा घाटमाथा, निलगिरी, हिमालयाचे उतार. अंग ओलं असेल तेवढाच वेळ ते अन्न बनवतं. सोलापूरच्या उन्हात बाभळीची साल महिनोन् महिने कोरडी राहते, मग त्या पानासारख्या पसरट शैवाकाने जगावं कशावर? आपल्या खडकांवर दिसतात ते दगडाला चिकटलेले खपलीसारखे भाऊबंद. घाटातही वाढ वर्षाला काही मिलिमीटरच, म्हणून फांदी खरवडून साफ केली की ती पुन्हा भरायला वर्षं जातात.

बाजारातला माल बहुधा मिसळीचा असतो. रुंद, गोलसर पाकळ्यांचं ते पार्मोट्रेमा. अरुंद, फाटे फुटलेल्या पट्ट्या दिसल्या तर ते दुसरं शैवाक. साली, काड्या आणि रेती निवडून काढा. किलोभर मिरचीला २५ ते ५० ग्रॅम पुरे. भाजताना सगळ्यात शेवटी, थेंबभर तेलावर, मंद आचेवर घ्या. पातळ असल्याने क्षणात करपतं, आणि करपलं की अख्खा मसाला कडवट होतो.