एका नियमासाठी पोस्टकार्डं

१९ जानेवारी २०२२ च्या रात्री सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, नियमबदल फेटाळला गेल्याचा निकाल पाहिला आणि कोट चढवून शेजारच्या आजींकडे गेले. त्यांच्याकडे दिवा चालू होता. उरलेली कोरी पोस्टकार्डं त्या रबर बँडने बांधून ठेवत होत्या.

ऑक्टोबरपासून दर गुरुवारी आम्ही आठ-नऊ जणी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचो आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या मतदारांना हाताने लिहायचो : तुमच्या सिनेटरला फोन करा, मतदान हक्काच्या विधेयकासाठी, चर्चा संपवून मतदान घ्यायला लागणारी ६० मतांची अट बाजूला ठेवायला सांगा. आमच्या जॉर्जियाचे दोन्ही सिनेटर आधीपासून बाजूने होते, म्हणून पत्रं दुसऱ्या राज्यात. मला ग्रीन कार्डावर इथे मत नाही, पण पत्ते लिहायला कुणाची ना नव्हती.

सभागृहाच्या कामकाजाच्या नियमासाठी सामान्य माणसं इतकी झटतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आपल्याकडे मोर्चे निघतात ते हमीभावासाठी, आरक्षणासाठी, नळाच्या पाण्यासाठी. ही ६० ची अट इथल्या राज्यघटनेत नाही, सिनेटने ती स्वतःच घालून घेतली आहे. १९१७ मध्ये चर्चा थांबवायला दोन-तृतीयांश मतं ठरली, १९७५ मध्ये ती शंभरांपैकी ६० वर आली. १९५७ मध्ये नागरी हक्कांचं विधेयक अडवायला एक सिनेटर २४ तास १८ मिनिटं उभं राहून बोलला होता. आता तेवढं उभं राहावंही लागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अ‍ॅरिझोनातले विद्यार्थी याच मागणीसाठी व्हाइट हाउससमोर उपोषणाला बसले. उपोषण म्हटल्यावर आईला फोनवर काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी या टेबलाशी आले ती मात्र पाण्यामुळे. जून २०२० च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, आजी अटलांटाच्या उन्हात तीन तास रांगेत होत्या. मी बाटल्या घेऊन गेले आणि पुढच्या-मागच्यांनाही दिल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याने कायदा केला : मतदान केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत, किंवा रांगेतल्या मतदारापासून २५ फुटांच्या आत, कुणी खाणं-पाणी वाटलं तर तो गुन्हा ठरवला. पाण्याच्या आडून प्रचार नको म्हणून हे, असं समर्थक सांगतात, आणि केंद्रावरचे कर्मचारी स्वतः घेण्याजोगं पाणी ठेवू शकतात. ठेवू शकतात, ठेवलंच पाहिजे असं नाही. आमच्या आजोबांनी दर चैत्रात एसटी स्टँडवर पाणपोई घातली. तहानलेल्याला तू कोणत्या पक्षाचा, असं त्यांनी कधी विचारलं नाही. रांग तीन तासांची का होते हे कुणी पाहायचं नाही, आणि पाणी देणाऱ्याचं अंतर मात्र फुटांत मोजायचं! अजूनही हे माझ्या गळी उतरत नाही.

एकदा मी आजींना अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे दोन किलोमीटरच्या आत मतदान केंद्र असावं असा दंडक आहे, अरुणाचलात २०१९ मध्ये एकाच मतदार बाईसाठी केंद्र उभारलं, मतदानाला भरपगारी सुट्टी असते. इथे मतदान मंगळवारी, कामावरून पळत जायचं. आणि १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत आमच्या आजीने मत दिलं. शेजारच्या आजींच्या वडिलांना मात्र अलाबामात १९६५ चा मतदान हक्क कायदा येईपर्यंत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले की वाचनाच्या परीक्षेत नापास करून परत पाठवायचे. त्याच कायद्यातली, भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायला लावणारी तरतूद २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निकामी झाली.

ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, “तू शेवटचं मत कधी दिलंस?”

२०१४ ला. परदेशातल्या भारतीयाला नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतःच्या केंद्रावर हजर राहावं लागतं. तिकीट, रजा, लेकीची शाळा. हे सगळं खरं आहे आणि मी ते त्यांना सांगितलंही. नाव मात्र मी अजून नोंदवलेलं नाही, हे नाही सांगितलं.

निकालाच्या त्या रात्री आजी नियमाबद्दल फार बोलल्या नाहीत. त्या मे महिन्यात इथे प्राथमिक निवडणूक होती, तेव्हा पुढची पत्रं जॉर्जियातल्याच नव्या मतदारांना. बांधलेला गठ्ठा माझ्या हातात देत म्हणाल्या, “तुझं अक्षर वाचता येतं. पन्नास तू घे.”