गवताचा पाहुणा

गिनीपिगचे पिल्लू इतर पिल्लांसारखे असहाय जन्मत नाही. दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ आईच्या पोटात काढून ते बाहेर येते, तेव्हा त्याच्या अंगावर केस असतात, डोळे उघडे असतात, दातही आलेले असतात. आणि आईचे दूध तीन आठवडे चालू राहिले तरी एकदोन दिवसांतच ते तिच्या शेजारी बसून गवत कुरतडू लागते. हा स्वावलंबीपणा पाहूनच घरातल्या मंडळींचा गैरसमज होत असावा. खोक्यातून आणलेल्या त्या मूठभर जिवापुढे कोणी पोळीचा तुकडा ठेवते, कोणी बिस्किट, कोणी चार शेंगदाणे, आणि ‘खातंय की!’ म्हणून समाधान मानले जाते. खाते हे खरेच, पण ते त्याला मानवत नाही.

त्याचे खरे जेवण म्हणजे वाळलेले गवत, आणि तेही दिवसरात्र समोर हवे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच ते झिजतात. आतड्यांनाही तंतूंचे काम सतत पुरवावे लागते. माणसाचा एखादा उपास अंगी लागत असेल, पण गिनीपिगने काही तास तोंड मिटून बसणे हे वैद्याकडे धाव घेण्याचे कारण आहे. वाढत्या पिल्लाला लसूणघास, म्हणजे लुसर्न, चालते, कारण त्यात कॅल्शियम आणि प्रथिने भरपूर असतात. साधारण सहा महिन्यांनंतर मात्र तेच कॅल्शियम मूत्राशयात खडे करू शकते, म्हणून मग साध्या गवतावर यावे. ताजे गवत हवे असल्यास आपल्याकडे फुलवाल्याकडची दूर्वांची जुडी ही सोय उत्तम, फक्त ती नीट धुऊन घ्यावी. संकष्टीला तिचा भाव वाढतो, त्याला इलाज नाही.

‘क’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत हा प्राणी थेट आपल्या पंगतीला बसतो. बहुतेक प्राणी ते शरीरातच तयार करतात. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही. होल्स्ट आणि फ्रॉलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी 1907 मध्ये केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, उद्भवलेला दाखवला, तो यामुळेच. दुकानातल्या आकर्षक धान्यमिश्रणाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे ते याच कारणाने. तयार खाद्याच्या गोळ्यांमधले जीवनसत्त्व साठवणीत कमी होत जाते आणि पाण्यात टाकलेले थेंबही फार टिकत नाहीत. त्यापेक्षा रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्यावी आणि सोबत थोडी कोथिंबीर. कोथिंबिरीची काडी पिल्लू एका टोकाने तोंडात धरते आणि हात न लावता, जबडा भराभर हलवत आत ओढत जाते. शेवटचे पान ओठांशी क्षणभर थरथरते आणि दिसेनासे होते. हा सोहळा कितीही वेळा पाहिला तरी कंटाळा येत नाही. कांदा, लसूण आणि बटाटा मात्र द्यायचा नाही.

मूळचा हा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, त्यामुळे आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. पिंजरा गॅलरीत न ठेवता घरातल्या थंड फरशीवर ठेवावा. एकटेपणाही त्याला मानवत नाही, म्हणून जोडीदार हवा. पण ‘दोन्ही माद्याच आहेत’ हे दुकानदाराचे वाक्य जाणकाराकडून तपासून घ्यावे, कारण नर तीन आठवड्यांचा झाला की पिता होण्याची शक्यता सुरू होते.

भक्ष्य होण्याची सवय असलेला हा जीव आजार लपवतो. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरच्या वाडग्यात बसवावे आणि आकडा लिहून ठेवावा. जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास असलेले पिल्लू वाढत जायला हवे. वजन घटले, तर त्याने तक्रार केली असे समजावे. मात्र घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी देण्याचे धाडस करू नये, कारण पेनिसिलिनच्या वर्गातली औषधे त्याच्या आतड्यांतले उपयुक्त जंतू मारून त्याचाच जीव घेऊ शकतात. औषध पशुवैद्यच ठरवतील, आणि तेही शक्यतो अशा लहान प्राण्यांची सवय असलेले.