सेल्सिअसचं फॅरेनहाइट, तेही डोक्यातल्या डोक्यात

९/५ ने गुणा आणि ३२ मिळवा, हा फॉर्म्युला शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो, पण ताप मोजताना समोर ३८.५ दिसलं की ९/५ कोण करत बसणार, म्हणून मला ही पद्धत फार आवडते: आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग वजा करा आणि मग ३२ मिळवा. म्हणजे ३८.५ चे ७७, त्यातून ७.७ गेले की ६९.३, अधिक ३२ म्हणजे १०१.३. उत्तर अगदी बरोब्बर येतं, अंदाजे नाही, कारण दुपटीतून दहावा भाग काढला की १.८ पटच उरते आणि ९/५ म्हणजे तेच.

उलटं करायचं तर आधी ३२ वजा करा, मग निम्मं करा आणि त्यात त्याचाच दहावा भाग मिळवा. १०४ चे ७२, ३६, आणि ३.६ मिळवून ३९.६. खरं उत्तर ४०, म्हणजे इथे थोडा फरक पडतो, तापाच्या बाबतीत तेवढाही नको, तिथे सरळ १.८ ने भागा.

आणि हे प्लीज लक्षात ठेवा, तापमान किती *वाढलं* हे बदलताना ३२ मिळवायचे नाहीत! ताप १ डिग्री सेल्सिअसने वाढला म्हणजे फॅरेनहाइटमध्ये १.८ ने वाढला, बस. ३२ फक्त शून्याची जागा वेगळी असल्यामुळे येतात, पाणी एकीकडे ० ला गोठतं, दुसरीकडे ३२ ला. उणे ४० ला मात्र दोन्हीकडे आकडा एकच.