जवसाचं कापड, जवसाचं तेल

नागपूरच्या आसपास रब्बीत जवस पेरतात तो बियांसाठी: तेल काढायचं, चटणी कुटायची. लिननचा धागा ज्या जवसाच्या काडीतून निघतो त्याची जात वेगळी, उंच आणि कमी फांद्यांची; तो बहुतेक फ्रान्स-बेल्जियमकडून येतो. तरी वनस्पती एकच. म्हणजे लिननवर तैलरंगात चेहरा रंगवताना कापड आणि तेल सख्खी भावंडं. आणि त्यांना एकमेकांना भिडू द्यायचं नाही, तयारीची सुरुवातच इथून.

जवसाचं तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि त्यात आम्लं तयार होतात. ती कोऱ्या धाग्यात मुरली की काही दशकांत कापड ठिसूळ होतं. म्हणून मधे आड लागते. जुनी रीत सशाच्या कातड्याच्या सरसाची: लिटरभर पाण्यात ७० ग्रॅमच्या आसपास, रात्रभर भिजवून गरम पाण्यावर विरघळवलेला. उकळला की त्याची पकड गेली. पण सरस हवेतली ओल पितो, आणि नागपुरात ओल काही फक्त पावसाळ्यातच येते असं नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांची कोरडी भट्टी, आत कूलर; दुपारी सैल पडलेला कॅनव्हास कूलर बंद केल्यावर पुन्हा ताणतो. वरचा रंग ही ओढाताण किती सोसणार? इथे पारदर्शक ॲक्रेलिकचे दोन हात बरे. लिननचा मातकट रंगही तसाच दिसत राहतो.

आणि तो दिसायलाच हवा. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्याचा मधला टोन त्या कापडात आयताच मिळतो. पांढरा जेसो (कॅनव्हासचं अस्तर) फासून तो बुजवणं म्हणजे महागडं लिनन घेऊन स्वस्त कॅनव्हासचं काम करणं. गडद भाग पातळ ठेवावेत, उजेड मात्र जाड. तैलरंग वर्षांनुवर्षं अधिक पारदर्शक होत जातो. कपाळावरचा उजेड कंजूषपणे लावला असेल तर खालचा तपकिरी रंग हळूहळू वर येतो आणि चेहरा काळवंडतो.

आपल्याकडच्या चेहऱ्यांत खरी फसगत केसांत होते. केस काळे, म्हणून पहिल्याच थराला आयव्हरी ब्लॅक. हा रंग तेल भरपूर मागतो आणि फार सावकाश वाळतो. त्यावर लवकर वाळणारी चमक ठेवली की वरचा थर चिरतो. खालचा थर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचा द्यावा, काळा शेवटी. तेल प्रत्येक वरच्या थरात थोडं जास्त, कमी कधीच नाही.

वाळल्यावर केसांत किंवा हनुवटीखाली निस्तेज डाग पडले तर खालच्या थराने तेल ओढून घेतलंय. नवा रंग चढवू नका. तिथे तेलाचं नावापुरतं बोट फिरवून लगेच पुसा, टोन परत येतो. वॉर्निश सहा महिन्यांनंतर, जाड रंगाला वर्षभराने.

एक मात्र न विसरता: तेल पुसलेल्या चिंध्यांचे बोळे कोपऱ्यात ढीग करून टाकू नका. वाळताना ते आतून तापतात आणि आपोआप पेटू शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर धोका आणखी वाढतो. एकेक चिंधी सुटी पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.