स्मोकिंग? नो!

सिगारेट सोडली की वजन वाढतं, हे मी ऐकून होते. ते वाढल्यावर कारण कुणालाच सांगता येणार नाही, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

अकरा वर्षं ओढली. घरी कधीच नाही. हिंजवडीत ऑफिसच्या गेटबाहेरच्या टपरीवर, दिवसाला सात-आठ. नवऱ्याला माहीत होतं, टीममधल्या चौघांना माहीत होतं, टपरीवाल्या काकांना तर माझा ब्रँडही पाठ होता. आईला आणि सासूबाईंना पत्ता नव्हता. आषाढातल्या एका सोमवारी थांबले. पहिले तीन दिवस वाईट गेले, पुढचे दोन आठवडे घरच्यांचे वाईट गेले. निकोटिनच्या दोन मिलिग्रॅमच्या गमवर निभावलं. ती साध्या च्युइंगगमसारखी चघळत बसायची नसते, हे मला चौथ्या दिवशी कळलं. जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. असो, तो भाग पार पडला.

तोंड मात्र थांबेना. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी घरात शिरले आणि जिन्यातच आमटीतल्या गोड्या मसाल्याचा वास आला. अकरा वर्षांत तो मला असा कधी आलाच नव्हता. त्या रात्री तीन वाट्या आमटी नुसती प्यायले. मग श्रावण आला, साबुदाण्याची खिचडी आली, ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याची चिक्की आली. 'शेंगदाणे काय, पौष्टिकच' असं मी स्वतःला सांगायचे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि चारच्या मीटिंगमध्ये शंभर ग्रॅम कधी संपायचे ते कळायचंही नाही. गणपतीत मोदक झाले. अठ्ठावन्नची मी त्रेसष्टवर गेले.

आरतीला जमलेल्या बायकांपैकी दोघींनी 'काही गोड बातमी?' असं विचारलं. एक मावशी म्हणाल्या, "बाळसं धरलंस गं." आईने थायरॉईडचं निदान करूनच टाकलं. रक्त तपासलं, टीएसएच अगदी नॉर्मल. मग आई म्हणाली, आता आहारतज्ज्ञ.

इथून पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मोठं आहे, स्वच्छ आहे, डाएटिशियन आठवड्यातून दोनच दिवस. एकोणीस दिवसांनंतरची वेळ मिळाली. त्या दिवशी आई सोबत आली, नको म्हणत असताना. टोकन चौतीस, हॉल भरलेला, आई मांडीवर पर्स घेऊन माझ्या शेजारी. काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे बघत विचारत होती. वय, उंची, ऍलर्जी, ऑपरेशन. मग मान वर न करता, हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात, "स्मोकिंग, अल्कोहोल, तंबाखू, मिश्री? नो ना, मॅडम?" आणि मी बोलायच्या आत माऊसचा आवाज आला. टक, टक, टक, टक. वर आईने शिक्का मारला, "छे गं, आमच्यात कुणी नाही."

माझ्या पुढचे गृहस्थ याच काउंटरवर होते. त्यांना तिने थांबून विचारलं होतं, किती, केव्हापासून, सोडली का. बाईमाणसाला विचारायची गरजच नाही असं धरून चाललेलं. पण खरं सांगायचं तर मीही गप्प बसले. 'नो नाही, येस' एवढे तीन शब्द होते. ते मी त्या हॉलमध्ये, आईच्या शेजारी बसून बोलू शकले नाही.

आत डाएटिशियनने मन लावून विचारलं. अडीच-तीन महिन्यांत पाच किलो, मधल्या काळात काय बदललं? नवीन औषध? बाळंतपण? नोकरी? झोप? आई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून ऐकत होती. मी म्हटलं, काहीच नाही. 'काहीच नाही' यावर कुणी काय उपाय करणार? त्यांनी बाराशे कॅलरीचा तक्ता दिला. सकाळी लिंबूपाणी, एक पोळी दुपारी, चार वाजता ग्रीन टी, रात्री सूप.

चार वाजता ग्रीन टी! ज्या वेळेला माझा हात अकरा वर्षं लायटर शोधायचा, त्याच वेळेला रिकाम्या पोटी कोमट हिरवं पाणी. पाचव्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी मी टपरीवर उभी होते. काकांनी काही न विचारता पाकिटातली एक काढून पुढे केली. (सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे. काकांना ते माहीत नाही, किंवा चांगलंच माहीत आहे.) मी ती बोटांत घेतली, दोनदा फिरवली, नाकाशी नेली. मग काउंटरवर ठेवून उकडलेलं अंडं मागितलं. ते अंडं माझ्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं अंडं आहे, हे मी गमतीने म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी दुसरी भेट. चारशे ग्रॅम वाढलेलं. "मॅडम, तुम्ही चीट करताय." आई माझ्याकडे अशी बघत होती जणू शाळेतून चिठ्ठी आली आहे.

तिसऱ्या वेळेला आईला न सांगता गेले. दार लोटलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, जूनअखेर सिगारेट सोडली, दिवसाला आठ, फॉर्मवर चुकीचं आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं, तक्ता माझ्या हातातून काढून घेतला आणि फाडला. "हे आधी कळलं असतं तर बाराशे दिलेच नसते." मग दहा मिनिटांत जे सांगितलं त्यासाठी मी सव्वा महिना घालवला होता. निकोटिन भूक मारतं आणि शरीराचा खर्चही थोडा वाढवतं. ते थांबलं की दोन्ही उलटतं. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढतात आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणजे मी अगदी सरासरी बाई निघाले. कुणाचं याहून पुष्कळ जास्त वाढतं, कुणाचं उलट कमी होतं. आणि या काळात कडक डाएट करू नका, उपाशी माणूस टपरीवर जातो. हे त्यांनी मला सांगावं!

नवीन तक्ता साधा होता. सकाळी पोटभर खायचं, कारण पूर्वी माझा नाश्ता म्हणजे कॉफी आणि पहिली सिगारेट. आता मुगाचं धिरडं, नाहीतर दोन अंडी, नाहीतर मोड आलेल्या मटकीची उसळ. दुपारी भाकरी, भाजी, वाटीभर वरण, ताक. आणि चार वाजता खायचंच. मी सालासकट फुटाणे नेते, एक वाटी मोजून. एकेक साल चोळून उडवायचं, मग तोंडात टाकायचा. हाताला काम मिळतं आणि वाटी वीस मिनिटं पुरते. मुळा-गाजराच्या लांब फोडीही चालतात. बोटांत धरायला तशाच असतात, हसू नका. बडीशेप खात असाल तर हॉटेलातली रंगीत नको, तिला साखरेचं कवच असतं.

जेवणानंतरची सिगारेट गेली की तिथे गोड येऊन बसतं. मी शेवटचा घास संपला की उठून दात घासते. पेस्टच्या चवीवर गुलाबजामही बेचव लागतो.

कॉफीचं कुणीच सांगत नाही. धुरातल्या काही द्रव्यांमुळे लिव्हर कॅफिनचा फडशा लवकर पाडतं. धूर थांबला की तीच कॉफी अंगात जास्त वेळ राहते. मी चार मग तसेच चालू ठेवले होते, म्हणून रात्री दोनला टक्क जागी आणि फ्रिजसमोर. चाराचे दोन केले आणि आठवड्यात झोप आली. पोटही सुरुवातीला अडून बसतं. पाणी आणि पपई.

आणखी एक राहिलंच. पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मी पार्किंगमध्ये गाडीची काच वर करून बोलले. अकरा वर्षं पाकीट हातात होतं आणि नंबर पहिल्यांदा वाचला तो सोडल्यावर. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं चालून काढायची, हे तिथेच कळलं. म्हणून आता चार वाजता फुटाण्यांची वाटी घेऊन बिल्डिंगला दोन फेऱ्या मारते. दिवाळीचा फराळ धरूनही सध्या साठावर आहे.

फॉर्म दुरुस्त करायचा राहिला होता. डाएटिशियन म्हणाल्या, हिस्टरी मला बदलता येत नाही, तळमजल्यावर रेकॉर्डला जा. तिथे अर्ज, आधारची प्रत, 'दुपारी तीननंतर या'. तीननंतर गेले. खिडकीतल्या दादांनी अर्ज दोनदा वाचला. "नो चं येस करायचंय? लोक येस चं नो करायला येतात, ताई." मी म्हटलं, 'सोडली' असं लिहा. ते खाली सरकवत गेले. "तसं या पानावर नाही. येस किंवा नो." काउंटरवर त्या गृहस्थांना विचारलं होतं, 'सोडली का?' ते उत्तर कुठे गेलं म्हणून विचारलं. ते शेऱ्यात जातं, शेरा फक्त काउंटरवरून टाकता येतो.

येस करा म्हटलं. येस केल्यावर पुढचा रकाना उघडला, दिवसाला किती. मी म्हटलं, शून्य. त्यांनी टाकलं, लाल पट्टी आली. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल.

"शून्य घेत नाहीये, ताई. एक टाकू?"